विश्लेषण : आदिवासी भागात ग्रामसभेला ‘विचारायचे’ की तिची ‘संमती’ घ्यायची?

२०१३ च्या पावसाळ्यात ओडिशातील नियमगिरी डोंगराच्या कुशीतील बारा गावांत ग्रामसभा भरल्या. डोंगरातील बॉक्साइटच्या खाणीमुळे आपल्या देवाला आणि वनहक्कांना बाधा येते का, हे गावकऱ्यांनी ठरवायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालात तसे बजावले होते. न्यायाधीशांच्या देखरेखीखाली सभा झाल्या आणि बाराही गावांनी खाण नको म्हटले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खाणीला परवानगी नाकारली.

आता गडचिरोली. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे. तेथे परिसरातील आदिवासींची यात्रा भरते. येथील लोहखनिजाच्या खाणीला अनेक ग्रामसभांनी विरोध केला. तरीही खाणकाम सुरू आहे.

दोन्ही ठिकाणी डोंगर, देव आणि ग्रामसभा आहे. दोन्ही ठिकाणी संविधानाचे संरक्षणही आहे. मग एका ग्रामसभेचा नकार चालतो आणि दुसरीचा चालत नाही, असे का?

संविधान आदिवासींना कसे ओळखते?

संविधानात ‘आदिवासी’ हा शब्द नाही. तेथे ‘अनुसूचित जमाती’ असा शब्द आहे. १९२८ च्या ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा संविधान सभेचे सदस्य होते. ‘आदिवासी’ हाच शब्द असावा, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. कोणती जमात यादीत असेल, हे अनुच्छेद ३४२ नुसार ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १०.४ कोटी, तर महाराष्ट्रात सुमारे १.०५ कोटी आहे.

जमातीला मान्यता मिळाल्याने आरक्षण आणि योजनांचा लाभ मिळतो. जमीन, जंगल आणि गावाचा कारभार यांवरील हक्क मात्र दुसऱ्या तरतुदींतून येतात.

पाचवी अनुसूची काय सांगते?

अनुच्छेद २४४ नुसार दहा राज्यांतील आदिवासीबहुल भाग ‘अनुसूचित क्षेत्र’ आहेत. महाराष्ट्रात असे भाग १३ जिल्ह्यांत आहेत. त्यांत पालघर, नंदुरबार आणि नाशिकपासून चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतचे जिल्हे येतात. ईशान्येतील चार राज्यांसाठी सहावी अनुसूची आहे. तेथे कायदे करणाऱ्या स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत.

पाचव्या अनुसूचीत तशा परिषदा नाहीत. येथे मोठे अधिकार राज्यपालांकडे आहेत. संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही किंवा बदल करून लागू होईल, असे ते अधिसूचनेने ठरवू शकतात. म्हणजे आदिवासींचे संरक्षण बरेचसे एका पदावर अवलंबून आहे.

‘पेसा’ने काय बदलले?

गावाला थेट अधिकार देण्यासाठी संसदेने डिसेंबर १९९६ मध्ये ‘पेसा’ कायदा केला. गौण वनोपजाची मालकी, परंपरा आणि साधनसंपत्तीचे रक्षण, सावकारीवर नियंत्रण हे विषय त्यात आले. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. त्यामुळे एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याचा आणि स्वतःची ग्रामसभा भरवण्याचा मार्ग मिळाला.

पण कायद्याची भाषा नीट वाचली की मेख लक्षात येते. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा ‘योग्य स्तरावरील पंचायतीशी’ विचारविनिमय करावा, असे पेसा म्हणतो. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. गावाने नाही म्हटले, तरी ‘विचारले होते’ अशी नोंद होते. त्यातला ‘किंवा’ तर आणखी सोयीचा आहे. गावाला न विचारता वरच्या पंचायतीला विचारले, तरी कागद पूर्ण होतो.

खनिजांचेही तसेच. वाळू, मुरूम, दगड अशा गौण खनिजांसाठी पेसा पूर्वशिफारस बंधनकारक करतो. लोखंड, बॉक्साइट, कोळसा या मोठ्या खनिजांबद्दल तो गप्प आहे. डोंगर पोखरणारी खाण बहुधा मोठ्या खनिजाचीच असते.

मग नियमगिरीत नकार कसा चालला?

तेथे पेसाच्या जोडीला २००६ चा वनहक्क कायदा होता. तो वैयक्तिक शेतीबरोबरच गावाचा सामूहिक वनहक्क मान्य करतो. जंगलाचे आणि संस्कृतीचे रक्षण करण्याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो. २००९ मध्ये केंद्राने आणखी एक पाऊल टाकले. वनजमीन दुसऱ्या कामासाठी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती हवी, असे परिपत्रक काढले. सुरजागडचा खाणपट्टा मात्र २००७ मधला आहे. तेव्हा या कायद्याचे नियमही लागू झाले नव्हते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रांसाठी ‘पूर्वसंमती’ हाच शब्द वापरला.

मिळालेला शब्द टिकतो का?

संविधानात ग्रामसभेच्या संमतीचा उल्लेख नाही. ती आली कायद्यातून, परिपत्रकातून आणि अधिसूचनेतून. म्हणून ती तशीच काढूनही घेता येते.

महाराष्ट्रातच याचे उदाहरण आहे. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणाला ग्रामसभेची मंजुरी लागेल, अशी तरतूद राज्यपालांच्या अधिसूचनेने आली होती. २०१७ मध्ये दुसऱ्या अधिसूचनेने महामार्ग, रेल्वे, वीजवाहिन्या अशा महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांसाठीच्या खरेदीला त्यातून सूट मिळाली. केंद्राच्या २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती तपासण्याची अटही ढिली केली. वनहक्कांची पूर्तता झाली का, हे पाहण्याचे काम नंतर राज्याकडे सोपवले. मंजुरी हातात असताना गावाला विचारणे म्हणजे लग्न ठरल्यावर मुलीला विचारण्यासारखे आहे.

राज्यपालांच्या अधिकाराचा चांगला वापरही झाला आहे. वनहक्काचा दावा फेटाळलेल्यांना विभागीय समितीकडे दाद मागता यावी, म्हणून २०२० मध्ये अधिसूचना निघाली. अधिकार तोच असतो. तो कोणाच्या बाजूने वापरायचा, हे मात्र गाव ठरवत नाही.

गावाला अधिकार दिले तर काय होते?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याच्या परवान्यासाठी भांडावे लागले. अखेर २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर बांबूची विक्री गावाने स्वतः केली आणि त्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत ठेवला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमागे हा कारभार आहे. ग्रामसभेला व्यवहार जमणार नाहीत, या शंकेला मेंढ्याने दिलेले हे उत्तर आहे.

आता काय हवे?

पहिले, पेसातील ‘विचारविनिमय’ काढून तेथे ‘पूर्वसंमती’ लिहावी. ‘किंवा पंचायत’ ही पळवाट बंद करावी आणि मोठी खनिजेही त्यात आणावीत. दुसरे, ग्रामसभेची संमती घेण्याची वेळ कायद्यातच निश्चित करावी. ती केंद्राच्या मंजुरीआधी असावी. तिसरे, ग्रामसभेचा अधिकार कमी करणारी कोणतीही अधिसूचना काढण्यापूर्वी ती संबंधित ग्रामसभांपुढे ठेवावी.

प्रत्येक ग्रामसभा प्रत्येक प्रकल्पाला नाहीच म्हणेल, असे नाही. रस्ता, शाळा, दवाखाना तर गावांनाच हवा असतो. पण जिथे ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते, तिथल्या ‘हो’लाही अर्थ उरत नाही.