बंद पडणारी आणि पुन्हा सुरू होणारी गाडी

वाटेत बंद पडलेली गाडी दहा-पंधरा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी चालते. मेकॅनिकला नुसतं ‘बंद पडते’ सांगू नका. कधी पडते ते टिपून ठेवा. सिग्नलला उभी असतानाच पडत असेल तर थ्रॉटल बॉडीत काजळी साचलेली असू शकते. इंजिन तापल्यावर पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर पेट्रोल गाडीत माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा काटा हललाच नाही, तर हा संशय बळावतो. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून एरवी येणारी पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकू आली नाही, तर पंप आणि त्याचा रिले बघायला सांगा. स्कॅनरवर कोड नाही म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही.

तोवर चोर्ला घाटातून गोव्याला जायचा बेत पुढे ढकला. इंजिन बंद असताना एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होतं. तशी वेळ आलीच तर ब्रेक सोडून-सोडून मारू नका, एकदाच जोरात दाबून धरा. आणि गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.