दुखण्याची नावे

परदेशी मुलाकडे गेलेल्या आजी एके सकाळी दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसलेल्या असतात. छातीवर कोणी वरवंटा ठेवल्यासारखे वाटते, असे त्यांनी वाटेत नातवाला सांगितलेले असते. डॉक्टर विचारतात, "एनी चेस्ट पेन?" नातू आजींकडे वळून विचारतो, "दुखतंय का?" आजी म्हणतात, "दुखत नाही रे, दडपल्यासारखं होतंय." नातू डॉक्टरांना सांगतो, "नो पेन."

ज्यांची मुले-नातवंडे व्यापारानिमित्त वा नोकरीनिमित्त दूर गेली आहेत, अशा कोणत्याही घरात हे घडू शकते. यात कोणीही खोटे बोललेले नाही. तरीही सांगण्यासारखी जी एकमेव गोष्ट होती, ती दोन भाषांच्या फटीत पडून राहिली. हृदयाला रक्त कमी पडू लागते तेव्हा अनेकांना दुखत नाहीच. दाब, आवळ किंवा जडपणा जाणवतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही अशा वेळी "पेन नाही, प्रेशर आहे" असे म्हणतात. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ साली या विकाराचे वर्णन आपल्या सहव्यावसायिकांपुढे वाचले. गळा आवळल्यासारखी जी घुसमट रुग्ण सांगत, तिच्यावरूनच त्यांनी त्याला ‘अँजायना’ हे नाव दिले. त्यामागच्या लॅटिन धातूचा अर्थ आवळणे. चिंतेला इंग्रजीत ‘अँग्झायटी’ म्हणतात आणि तीव्र मनस्तापाला ‘अँग्विश’. हे दोन्ही शब्द त्याच मुळाचे. संस्कृतातील ‘अंहस्’ हा संकटवाचक शब्दही त्याच कुळातला. अरुंद जागेत कोंडले जाणे म्हणजे दुःख, हा अनुभव या सर्व भाषांनी जपून ठेवला आहे.

‘पेन’ या शब्दाचे मूळ मात्र अगदी निराळे आहे. लॅटिन ‘पोएना’ म्हणजे शिक्षा. त्याआधीच्या ग्रीक शब्दाचा अर्थ तर चक्क भरपाई, म्हणजे रक्तपाताबद्दल मोजून द्यावयाची रक्कम. कर भरण्यास उशीर झाल्यावर जो ‘पेनल्टी’ शब्द नोटिशीत येतो, तो याचाच सख्खा भाऊ. मृत्युदंडाची धमकी देताना ‘ऑन पेन ऑफ डेथ’ असे म्हणण्याचा इंग्रजी प्रघात आहे. त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. म्हणजे इंग्रज मनुष्य "मला पेन होते" म्हणतो, तेव्हा नकळत "मला दंड झाला" असेच म्हणत असतो. दंड आला की दंड करणाराही आला. ‘वेदना’ शब्दात असा कोणी न्यायाधीश बसलेला नाही. त्याचे मूळ ‘विद्’, जाणणे. आठ कर्मांपैकी वेदनीय कर्माचे साता आणि असाता असे दोन भेद सांगितले आहेत, म्हणजे शास्त्राच्या भाषेत सुखाचा अनुभव हेही वेदनच. व्यवहारातल्या मराठीने त्यातला सुखाचा अर्धा भाग वगळला आणि दुःखाचा तेवढा ठेवला, हे तिचे तिलाच ठाऊक.

एका शब्दाने काम भागत नाही, हे डॉक्टरांनाही फार उशिरा उमगले. रोनाल्ड मेल्झॅक हे कॅनडातील माँट्रियलचे मानसशास्त्रज्ञ. १९५०च्या दशकात अमेरिकेतील ऑरेगन येथे काम करीत असताना ते रुग्ण कोणते शब्द वापरतात ते टिपू लागले. पाय कापावे लागलेली माणसे नसलेल्या पायाचे दुखणे सांगत आणि तेही किती बारकाव्याने! पुढे १९७१ मध्ये मेल्झॅक यांनी वॉरन टॉर्गरसन यांच्यासह अशा १०२ इंग्रजी शब्दांची वर्गवारी प्रसिद्ध केली. १९७५ मध्ये त्यातून मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली तयार झाली. तीत ७८ शब्द आहेत, २० गटांत मांडलेले. रुग्णाने आपल्याला लागू पडेल तो शब्द निवडायचा.

ही यादी वाचताना मराठी माणसाला आपल्या आजीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ‘थ्रॉबिंग’ म्हणजे ठणका. ‘शूटिंग’ म्हणजे सणक. ‘ग्नॉइंग’ म्हणजे आतून कोणी कुरतडावे तसे. ‘स्मार्टिंग’ म्हणजे चुरचुर, ‘टिंगलिंग’ म्हणजे मुंग्या, ‘स्प्लिटिंग’ म्हणजे डोके फुटून जाईलसे वाटणे. एका गटात तर ‘पनिशिंग’ हाही शब्द आहे; जुना दंड पुन्हा हजर! ही केवळ शब्दांची हौस नव्हे. अनेक वर्षांचा मधुमेह असलेल्या व्यापाऱ्याने रात्री "पाय दुखतात" म्हटले तर घरचे लोक पाय चेपून देतील. "तळपायांची आग होते, मुंग्या येतात" म्हटले तर डॉक्टरांचे लक्ष मज्जातंतूंकडे जाईल, आणि त्या दुखण्याला नेहमीची वेदनाशामक गोळी बहुधा लागू पडत नाही, औषध वेगळे असते. पोटात राहून राहून मुरडा येणे आणि सतत एकाच ठिकाणी दुखणे यांच्याही वाटा निराळ्या.

इंग्रजीत काही खड्डे असे आहेत की त्यांत चांगला शिकलेला मनुष्यही पडतो. ‘एक’ हे दुखण्यासाठीचे दुसरे नाव. ते डोके, दात, कान, पोट, पाठ यांना सहज चिकटते, पण हाताला किंवा गुडघ्याला चिकटत नाही. ते हृदयाला चिकटले की ‘हार्टएक’ होते, आणि त्याचा अर्थ प्रेमभंग किंवा शोक. ‘हार्टबर्न’ म्हणजे हृदयाचे जळणे नव्हे, तर पित्ताने छातीत होणारी जळजळ. "हार्टमध्ये बर्निंग होते" एवढे घाईत सांगणारा मनुष्य डॉक्टरांना कोणत्या दिशेने पाठवील, याचा भरवसा नाही. (देवनागरीत लिहिताना ‘पेन’ म्हणजे दुखणे की लेखणी, हा घोळ निराळाच.)

आणखी एक अडचण भाषेची नाही, संस्काराची आहे. शून्य ते दहा या मापात दुखणे किती, असे हल्ली विचारतात. ज्या स्त्रीने उपवास, बाळंतपणे आणि दुकानाची पडती वर्षे एकही शब्द न काढता पार केली, ती दहापैकी दोन सांगते. दुसऱ्यापुढे गाऱ्हाणे मांडणे तिला कमीपणाचे वाटते. रोग समभावाने सहन करणे हा परीषहजय खरा, पण तो मुनींच्या आचारातला. गृहस्थासाठी तर औषधदान हे चार दानांत मोजले आहे, आणि नीट सांगितलेच नाही तर औषध द्यावे कशावर? आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने मांडली, तेव्हा सोबतच्या टिपांत दोन गोष्टी स्पष्ट केल्या: मनुष्य दुखते म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, आणि कोणाला सांगता येत नाही म्हणून त्याला दुखत नाही असे धरू नये.

त्या दवाखान्यातल्या नातवाला शब्दकोशाची गरज नव्हती. आजींचे वाक्य त्याने तोडक्यामोडक्या इंग्रजीत जसेच्या तसे पुढे केले असते, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, सकाळपासून, जिना चढल्यावर जास्त, तर डॉक्टरांनी त्याला वाक्य पुरे करू दिले नसते. ईसीजीचे यंत्र शेजारच्याच खोलीत होते.