सुट्टी तीन दिवसांची, कंबर मात्र एकच

यंदा १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांची सुट्टी, आणि पुढे बारा दिवसांवर गणपती. असा योग आला की मला सोमवारची गर्दी आधीच दिसायला लागते. झालंही तसंच. १८ तारखेला वळसंगच्या दवाखान्यात सकाळी नऊच्या आत पाच जण कंबर धरून बसलेले. एकाने पाण्याची टाकी धुतली होती, एकाने पत्र्यावर चढून गळती काढली होती, एकाने दोन खोल्यांना एकट्याने रंग दिला होता. उरलेल्या दोघांनी यातलं थोडं थोडं सगळंच केलं होतं.

त्यातल्या एका जोडप्याबद्दल लिहितो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

नवरा चाळिशीतला. रोज मोटारसायकलवर अक्कलकोट रोडने सोलापूरला जातो, दिवसभर खुर्चीत बसून हिशेब लिहितो, संध्याकाळी परत. सुट्टीच्या पहिल्या दिवशी टाकी धुतली, दुसऱ्या दिवशी लोखंडी कपाट सरकवून भिंती घासल्या, तिसऱ्या दिवशी रंग. रविवारी संध्याकाळी सगळं आवरून पायातली चप्पल उचलायला वाकला आणि तिथेच अडकला. "डॉक्टरसाहेब, एवढं कपाट उचललं तेव्हा काही नाही झालं, आणि चपलेनं घात केला," असं म्हणाला.

चपलेचा यात काही दोष नाही. आपल्या पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर असतात. तुम्ही पंधरा लिटरची भरलेली बादली हात लांब करून, म्हणजे अंगापासून अर्ध्या मीटरवर धरली, तर तिला तोलायला त्या स्नायूंना दहापट, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास ओढ द्यावी लागते. तीच बादली पोटाशी धरली की हा आकडा एकदम खाली येतो. निरोगी पाठ हे सहन करते, तिची घडणच तशी आहे. पण ज्या स्नायूंना वर्षभर खुर्चीची सवय आहे त्यांच्याकडून सलग तीन दिवस हमाली करून घेतली, की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते थकलेले असतात. थकलेला स्नायू वेळेवर आवळत नाही. मग चप्पल उचलायचं निमित्त पुरतं. वजन किती होतं यापेक्षा सवयीच्या किती पट काम अचानक केलं, हे मी पेशंटला आधी विचारतो.

आपल्याकडे याला उसण भरली म्हणतात. मग पायाळू माणूस शोधायचा आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. मी यावर हसत नाही. उसण बहुतेक वेळा आपोआप उतरते, बहुतेकांना दोन ते सहा आठवड्यांत बराच आराम पडतो, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत जो कोणी हात किंवा पाय लावेल त्याला यश मिळतं. आम्हा डॉक्टरांची बरीचशी कीर्तीही अशीच झालेली आहे! फक्त लाथ जोरात नको, आणि म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ मणक्यावर तर अजिबात नको.

माझी तक्रार दुसरीच आहे. या गृहस्थांची मागणी होती, "एक इंजेक्शन द्या, आज कामावर जातो. रजा संपलीय." अशी मागणी करणारे मला आठवड्याला भेटतात आणि खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी मी ती मुकाट्याने पुरी करत होतो. आता करत नाही. दुखण्याचं इंजेक्शन काही तास वेदना दाबतं. त्या काही तासांत माणूस तेच करतो ज्याने दुखणं आलं. सुट्टीच्या मधल्या दिवशी इंजेक्शन घेऊन उरलेली भिंत रंगवणारेही मी पाहिले आहेत. शिवाय ही औषधं निरुपद्रवी नाहीत. उपाशीपोटी घेतली तर जठराला जखमा करतात, आणि ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी सोलापूरच्या उन्हात घाम गाळत, पाणी कमी पीत ती घेतली तर मूत्रपिंडावर थेट ताण येतो. दोन-चार दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांना आपले जुने आजार सांगून घ्या, माझी हरकत नाही. पण मेडिकलमधून मिळणारी रंगीत गोळ्यांची पुडी, जिच्यात काय आहे हे देणाराही सांगत नाही, ती नको. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं.

इंजेक्शन नको म्हटलं की लोक दुसरं टोक गाठतात. "मग आठवडाभर पडून राहतो." हेही चूक. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. कंबर धरलेल्या १८६ जणांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणात झोपवलं, एकाला पाठीचे व्यायाम दिले, आणि तिसऱ्याला सांगितलं, सोसेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यांत लवकर तिसरा गट बरा झाला. म्हणून मी या गृहस्थांना दोन दिवस मोटारसायकल सोडून एसटीने जा, दर अर्ध्या तासाला खुर्चीतून उठा, घरात हिंडत-फिरत राहा, एवढंच सांगितलं. गरम पाण्याची पिशवी लावा, बरं वाटतं. पट्टा हवा तर दोन-चार दिवस बांधा, महिनोन्‌महिने नको.

एमआरआयचा विषयही निघालाच. कुणीतरी शेजाऱ्याने सांगितलं होतं. कसलंही दुखणं नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तर विशीतल्या तिसरा हिस्सा लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात, आणि ऐंशीच्या घरात जवळपास सगळ्यांच्याच. ते केस पिकण्यासारखं आहे. रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' वाचून तुम्ही घाबरता, वाकणं सोडता, आणि पाठ आणखी कमजोर होते. पैसे जातात ते वेगळंच.

हे सगळं बोलणं चालू असताना त्यांची बायको दाराशी उभी होती. मी सहज विचारलं, "अक्का, तुमची कंबर कशी आहे?"

"ती रोजचीच आहे की," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या गोळ्या किती वेळा द्यायच्या ते विचारू लागल्या.

अक्का बिड्या वळतात. आपल्या भागात हे काही नवलाचं नाही. वळसंगहून सोलापूरला जाताना कुंभारी लागतं. तिथे कॉ. गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी आहे, २००६ साली घरं हवाली झाली. त्या एका आकड्यावरून कल्पना करा, किती बायका मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, तासन्‌तास बसतात. मजुरी हजारावर. बसलं नाही तर पैसे नाहीत. म्हणजे अक्कांचं काम त्या तीन दिवसांत थांबलेलं नव्हतंच. वर टाकीचं पाणी उपसायला बादल्या त्यांनी दिल्या, भिंती खरवडलेला चुना त्यांनी झाडला, तीन वेळचा स्वयंपाक केला, आणि रविवारी रात्री नवऱ्याची कंबर शेकली. नवऱ्याचं दुखणं दवाखान्यात आलं, कारण ते अचानक आलं आणि त्याच्या मागे पगार होता. अक्कांचं गेली सहा वर्षं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि पुरुषांपेक्षा बायकांत ती जास्त. कारणं देताना आम्ही हाडांची झीज, बाळंतपण, रक्तक्षय असं सगळं सांगतो. घरातलं काम कोणी किती वाटून घेतलं हे मात्र केसपेपरवर कुठेच लिहायला जागा नसते. माझ्या मते ती असायला हवी. सुट्टीची यादी करताना घरातला पुरुष 'मी काय करणार' याची यादी करतो आणि त्या प्रत्येक कामाच्या मागचं झाडणं-पुसणं-देणं-घेणं कोणाच्या कमरेवर येतं ते यादीत धरत नाही.

अक्कांना मी तपासलं, काही घातक नव्हतं. सुपाखाली एक पाट ठेवा म्हणजे मान आणि कंबर कमी वाकेल, भिंतीला टेकून बसा, बुडाखाली जाड घडी घ्या म्हणजे गुडघ्यांपेक्षा कंबर वर राहील, आणि शंभर बिड्या झाल्या की उठून घरभर एक चक्कर मारा, असं सांगितलं. चकरेने मजुरी बुडत नाही, आम्ही हिशेब करून पाहिला.

आता पुढचं संकट घटस्थापनेचं आहे. घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं. भिजलेली गोधडी किंवा सोलापुरी चादर उचलून बघा, कोरडीपेक्षा कितीतरी जड लागते, आणि ती वाकून, पिळून, वर दोरीवर टाकायची म्हणजे पाठीला जे जे जड जातं ते सगळं एकाच कामात. ही धुणी एका दिवसात उरकलीच पाहिजेत असं कुठल्याही शास्त्रात नाही. आठवडाभर आधीपासून रोज दोन धुवा. पिळायला दोघं लागतात, एकट्याने पिळू नका. आधी दगडावर निथळू द्या, मग उचला. बादली अर्धीच भरा, दोन खेपा जास्त होतील, होऊ द्या.

आणि उठल्याउठल्या ही कामं नकोत. रात्री झोपेत मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. पहिला तासभर चहा, अंघोळ, देवपूजा करा, हंडे नंतर भरा. पहाटे नळाला पाणी आलं तर काय, असं तुम्ही विचाराल. तर त्या वेळी पाइप लावा, आणि उचलायचं काम घरातल्या तरण्या पोरांना द्या. ते तसेही मोबाइलवर जागेच असतात.

दुखणं उतरल्यावर काय? चाला. २०२४ साली ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेल्या अभ्यासात, कंबरदुखीतून बरे झालेल्यांनी हळूहळू वाढवत आठवड्यातून तीन ते पाच वेळा अर्धा तास चालण्याची सवय लावली, तर दुखणं परत यायला सरासरी २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. नुसतं 'गुडघ्यात वाकून उचला' असं शिकवून मात्र कंबरदुखी टळल्याचं दिसलेलं नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं तेच शिकवत आलो, म्हणून हे लिहिताना थोडं वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, सोलापूरचं मोठं रुग्णालय गाठा. ताप, वजन घटणं आणि रात्री जास्त ठणका असेल तर मणक्याचा क्षय तपासावा लागतो, तो आपल्याकडे आजही सापडतो. पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसाची कंबर दुखली तर एक्स-रे काढा.

त्या सोमवारी निघताना अक्कांनी एवढंच विचारलं, "मग गोधड्या कुणी धुवायच्या?" मी काही बोललो नाही, नवऱ्याकडे बघितलं. तो बाहेर लावलेल्या मोटारसायकलीकडे बघत होता. परवा स्टँडवर भेटला. कंबर ठीक आहे म्हणाला. दोन रविवारी मिळून चार गोधड्या झाल्या, पिळायला तो असतो. अजून सात राहिल्यात.