रून अक्षरे आणि ध्यानाचा बाजार

युरोपच्या उत्तरेकडील लोकांनी लाकडावर, हाडांवर आणि शिळांवर कोरलेल्या 'रून' नावाच्या प्राचीन अक्षरांना गेल्या काही दशकांत एक नवाच व्यवसाय येऊन चिकटला आहे. एक लहानशी कापडी थैली, तीत पंचवीस खडे, बहुतेक खड्यांवर एकेक खूण आणि सोबत एक पुस्तिका. पहाटे शांत बसावे, मनात प्रश्न धरावा, थैलीत हात घालून एक खडा काढावा आणि त्याच्या अर्थावर चिंतन करावे, असा हा विधी. आता तर मोबाइलच्या पडद्यावरही तो करता येतो. ही नॉर्स लोकांची, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व आइसलंड येथील पूर्वजांची, सनातन ध्यानसाधना आहे, असे आपल्याला सांगितले जाते.

शांततेला आसुसलेला आपल्या धर्मग्रामातील एखादा तरुण उद्या अशा थैलीकडे वळला, तर त्याला हसणे सोपे आहे आणि 'हे सैतानी आहे' असे ओरडणे त्याहून सोपे. आम्हांला हे दोन्ही मार्ग मान्य नाहीत. आमचा आक्षेप निराळा आहे. या साधनेच्या प्राचीनतेचा दावा खरा नाही, आणि असत्याचे आसन घालून केलेले ध्यान माणसाला सत्याकडे नेत नाही.

रून ही प्रथम एक लिपी आहे. डेन्मार्कमधील विमोसे येथे सापडलेल्या, सुमारे इ. स. १६० च्या एका कंगव्यावर ती कोरलेली आढळते. आरंभी तिच्यात २४ अक्षरे होती. व्हायकिंग काळात ती १६ वर आली. तिच्या काही लेखांत मंत्रतंत्राचा वास येतो, हे आम्ही नाकारत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ मध्ये जर्मानिक लोक खुणा केलेल्या काटक्या टाकून शकुन पाहतात, असे लिहून ठेवले आहे. परंतु त्या खुणा म्हणजे रून अक्षरे होती, असे त्याने म्हटलेले नाही. थैलीतून एकेक अक्षर काढून त्यावर मनन करण्याची पद्धत तर कोणत्याही जुन्या ग्रंथात वर्णिलेली नाही.

मग खड्यांचे ते अर्थ आले कोठून? प्रत्येक अक्षराला नाव होते आणि त्या नावांवर रचलेली तीन जुनी पद्ये आपल्यापर्यंत पोहोचली आहेत: एक इंग्लंडचे, एक नॉर्वेचे, एक आइसलंडचे. तिन्ही ख्रिस्ती काळात लिहिली गेली. इंग्लंडच्या पद्याचे मूळ हस्तलिखित १७३१ च्या आगीत भस्मसात झाले. जॉर्ज हिक्स या विद्वानाने १७०५ मध्ये ते छापून ठेवले होते, म्हणूनच ते वाचले. आता ही पद्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा. इंग्लंडमध्ये ज्या अक्षराचे नाव 'काटा', त्याचेच नाव उत्तरेत 'राक्षस'. इंग्लंडमध्ये जे अक्षर 'मशाल', तेच नॉर्वेत आणि आइसलंडमध्ये 'व्रण', मुलांच्या जिवावर उठणारा फोड! एखाद्या मातेने आजारी लेकरासाठी तो खडा काढला, तर तिने कशावर चिंतन करावे? मशालीवर की व्रणावर? पुस्तिका मशालीचा अर्थ देते, कारण मशाल विकली जाते. व्रण कोण विकत घेणार?

या व्यवसायाची खरी वंशावळ शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे जात नाही. १९०२ साली व्हिएन्नाच्या गीडो फॉन लिस्ट या लेखकाच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. दृष्टी नसलेल्या त्या महिन्यांत आपल्याला १८ रून अक्षरांचे रहस्य उलगडले, असे त्याने सांगितले आणि १९०८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. अठरा अक्षरांची ती मालिका कोणत्याही प्राचीन लेखात नाही. पुढे जर्मनीत कुमर नावाच्या गृहस्थाने आपल्याकडील 'योग' हा शब्द उसना घेऊन अक्षरांच्या आकारात शरीर वाकवण्याचा 'रून-योग' काढला. हिटलरच्या एसएस दलाच्या गणवेशावरील दोन विजेसारख्या खुणा याच अक्षरांवरून घेतल्या होत्या, हे तर जगाने भोगले. पंचविसावा कोरा खडा १९८२ मध्ये राल्फ ब्लम या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकाने लोकप्रिय केला. इतिहासात त्याला काडीचाही आधार नाही. रून खडे हाताळणारा प्रत्येक माणूस वंशद्वेष्टा असतो, असे म्हणणे घोर अन्यायाचे होईल. परंतु जो 'पूर्वजांचे ज्ञान' म्हणून ते आपल्या हाती देतो, त्याने ते मधल्या कोणकोणत्या हातांतून आले, हेही सांगितले पाहिजे.

यावर एक सभ्य उत्तर मिळते. 'आम्ही भविष्य पाहत नाही. खडा हे केवळ निमित्त, चिंतन आमचेच.' हे उत्तर प्रामाणिक असू शकते. मग आमचा साधा प्रश्न असा की, डोळे मिटून खडा का काढायचा? चोवीस अर्थ समोर मांडून त्यांतील एक विचारपूर्वक का निवडायचा नाही? कारण उघड आहे. आपोआप हाती आलेल्या खड्याला आपण नकळत अधिकार देतो; 'हा माझ्यासाठी आला' असे मानतो. आपल्याकडे यालाच कौल लावणे म्हणतात. नाव बदलल्याने कृती बदलत नाही. भविष्यकथनाचे सर्व प्रकार त्याज्य आहेत, असे १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने बजावले आहे, ते या अधिकाराच्या प्रश्नामुळेच.

कोणी म्हणेल, प्रेषितांनी मथियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच केली ना? होय, केली. पण प्रेषितांच्या कृत्यांचा तो पहिला अध्याय नीट वाचावा. आधी पात्रता ठरली, मंडळीने दोन योग्य माणसे पुढे केली, प्रभूची प्रार्थना झाली आणि मग चिठ्ठ्या पडल्या. पेंटेकॉस्टनंतर मात्र सात सेवकांची निवड असो वा यरुशलेममधील सभेचा निर्णय असो, चिठ्ठ्यांचे नाव नाही. तेथे सल्लामसलत आहे, वाद आहे आणि पवित्र आत्म्याच्या साक्षीने घेतलेली जबाबदारी आहे. काही ख्रिस्ती घरांत डोळे मिटून बायबल उघडून ओळीवर बोट ठेवण्याची रीत आहे, तीही याच न्यायाने सोडली पाहिजे. शुभवर्तमानाच्या पानांतून असा कौल घेण्याविषयी संत ऑगस्टीन यांनीही नापसंती व्यक्त केली होती.

या व्यवहारात सर्वांत मोठा अन्याय झाला आहे तो रून अक्षरांवरच. ती कोरणाऱ्यांपैकी हजारो माणसे ख्रिस्ती होती. ६९८ साली संत कथबर्ट यांच्या अवशेषांसाठी केलेल्या लाकडी शवपेटीवर प्रभूचे नामचिन्ह रून अक्षरांत आहे. स्कॉटलंडमधील रथवेल येथील आठव्या शतकाच्या दगडी क्रुसावर, प्रभूला वाहून नेणारा क्रूस स्वतः बोलतो अशी कविता याच लिपीत कोरली आहे. स्वीडनमधील रामसुंड येथे, सुमारे १०३० मध्ये, सिग्रिड नावाच्या स्त्रीने होल्मगेर याच्या आत्म्यासाठी पूल बांधला आणि तसे खडकावर कोरून ठेवले. त्याच खडकावर अजगराला मारणाऱ्या सिगुर्डची जुनी कथाही चितारलेली आहे. पूर्वजांची कथा पुसून न टाकता तिच्या शेजारी तिने मृतासाठी केलेले पुण्यकर्म नोंदवले! वाटसरूंचे पाय कोरडे राहावेत आणि त्या पुण्याईने मृताचे भले व्हावे, ही तिची साधना होती.

नॉर्वेतील बर्गन शहरात १९५५ च्या आगीनंतर झालेल्या उत्खननात सुमारे ६७० रून लेख मिळाले. त्यांत मालावरच्या व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या आहेत, प्रेमाचे निरोप आहेत, कोणा गिडाने पाठवलेला 'घरी ये' असा सांगावा आहे आणि लाकडाच्या तुकड्यांवर कोरलेली 'नमो मरिया' व 'हे आमच्या स्वर्गातील बापा' या प्रार्थनांची लॅटिन वचनेही आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन अक्षरांत छापले गेले, म्हणून ते मराठी राहिले नाही काय? प्रार्थनेचे मोल अक्षरांच्या वळणात नसते. कोण कोणाशी बोलत आहे, यात ते असते. बर्गनचा तो मनुष्य कोणाशी तरी बोलत होता. कोऱ्या खड्यापुढे बसलेला आजचा साधक कोणाशी बोलतो?

हा प्रश्न विचारणाऱ्यांवर एक जबाबदारीही येते. शांतता शोधणाऱ्या मुलाच्या हातून थैली काढून घेतली, पण त्याला शांतता दिली नाही, तर आपण काय साधले? इतर धर्मपरंपरांतील ध्यानपद्धतींत जे ग्राह्य असेल ते विवेकाने घ्यावे, असे १९८९ च्या ख्रिस्ती ध्यानाविषयीच्या रोमच्या पत्रानेच म्हटले आहे. तेव्हा परके ते सारे वाईट, ही भूमिका आपली नव्हे. आपल्या घरी संत इग्नेशियस यांची दिवसाअखेरची आत्मपरीक्षा आहे, शुभवर्तमानावरचे संथ मनन आहे, जपमाळ आहे. परंतु आपल्या किती धर्मग्रामांत ती धीराने शिकवली जातात? ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात आपणच मौन हद्दपार केले असेल, तर मुलांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

ज्यांना रून अक्षरांची ओढ वाटते, त्यांनी ती अवश्य शिकावीत. रथवेलचा क्रूस वाचावा, सिग्रिडचा पूल वाचावा. खड्यांची थैली मात्र दुकानातच राहू द्यावी आणि रोज रात्री पंधरा मिनिटे दिवा मालवून देवापुढे गप्प बसावे. त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही.