पोरींना पाणी दाखवू नका म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यात आम्ही सहा जणी मुरूडला जाऊन आलो. सगळ्या शाळेतल्या मैत्रिणी, माहेर पनवेलचं, सासरं कुठे तळोजा, कुठे मुंब्रा, कुठे पेण. वय पन्नाशीच्या आसपास. सोबत नवरे नाहीत, पोरं नाहीत, एक भाड्याची गाडी आणि दोन दिवस. एवढं जमवायला आम्हाला तीस वर्षं लागली.

पळस्पे फाटा ओलांडेपर्यंत तीन फोन आले. वडखळला चहाला थांबलो तेव्हा आणखी दोन. सगळ्यांचं म्हणणं एकच, पाण्यात जाऊ नका. आमच्यातल्या सर्वांत मोठीला आम्ही आपा म्हणतो. तिच्या धाकट्या भावाने तर सांगितलं, "आपा, समुद्र लांबूनच बघा." हा भाऊ स्वतः जहाजावर नोकरी करतो.

आम्ही खूप हसलो. मग गाडीत कोणीतरी विचारलं, आपल्यात पोहता कोणाकोणाला येतं? सहापैकी एकीलाही येत नव्हतं.

हे नीट समजून घ्या. आम्ही सहाही जणी कोकणी मुसलमानांच्या घरातल्या. माझे अब्बा खलाशी, दोन चुलते बोटीवर, आपाचे आजोबा तांडेल. बोटीवरची नोकरी आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या. आमचं पनवेल हे खाडीवरचं जुनं बंदर, शिवाय तळ्यांचं गाव: वडाळे तळं, कृष्णाळे तळं, इस्रायल तळं. माझे दोन्ही भाऊ पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचे. ते काम मी तीन उन्हाळे केलं. मलाही एक डबा बांधावा असं घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

संध्याकाळी मुरूडच्या वाळूवर बसलो तेव्हा तो विषय निघणारच होता. १ फेब्रुवारी २०१६. पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाची सहल याच किनाऱ्यावर आली होती आणि १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या. आपली पोरं होती ती. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढतं, अशा कितीतरी घरांतून पोरं त्या कॅम्पसात शिकायला येतात. त्या दिवशी कोणाचं काय चुकलं याचा निवाडा मी इथे करणार नाही. मला बोलायचं आहे त्यानंतर आपण काय केलं त्याबद्दल.

पहिल्या आठवड्यात आपण रडलो. ते खरं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून तीन वाक्यं सुरू झाली. मयतीच्या घरात, लग्नात, दुकानाच्या फळीवर मी ती इतक्या वेळा ऐकली आहेत की आवाजावरून माणूस ओळखू येतो. एक, तक्दीर होती. दोन, बुडून मरणाऱ्याला शहादतचा दर्जा आहे. तीन, मुलींना पाठवायचंच कशाला?

दुसऱ्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. ते हदीसमध्ये आहे आणि ज्या आईची मुलगी गेली तिला रात्र काढायला त्याचा आधार होतो. पण तो दिलासा आईसाठी आहे. जमातीच्या अध्यक्षांनी तो स्वतःला लावून घेऊन स्वस्थ झोपावं यासाठी तो नाही.

तक्दीरचं तसं नाही. उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्याला मदरशापासून पाठ आहे. इतकी पाठ की तिचा अर्थ आता कानापर्यंतच पोहोचतो. म्हणून दुसरा प्रसंग सांगते. हजरत उमर शामच्या वाटेवर होते. पुढे ताऊनची साथ आहे असं कळलं. त्यांनी सल्लामसलत केली आणि काफिला परत फिरवला. अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तक्दीरपासून पळताय? उमर यांचं उत्तर असं होतं, की होय, अल्लाहच्या एका तक्दीरकडून त्याच्याच दुसऱ्या तक्दीरकडे जातोय. खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड असेल तर उंट तुम्ही कुठे चाराल? हिरव्या बाजूला चारलात तरी ती तक्दीरच ना? बुखारी शरीफमध्ये हा प्रसंग आहे. मुलगी पोहायला शिकून परत आली तर तीही तक्दीरच असते. मग ओसाड बाजूच काय म्हणून निवडायची?

तिसरं वाक्य मात्र सर्वांत महाग पडलं. माझ्या ओळखीतल्या तीन घरांनी त्या वर्षी मुलींच्या सहली बंद केल्या. मुलांच्या नाही. मुलगे मित्रांच्या टोळक्याने काशिदला जातच राहिले. त्यांनाही धड पोहता येत नाही, पण ते 'पोरं आहेत, जाणारच'. म्हणजे बंदीने कोणाचा जीव वाचवला नाही, फक्त मुलींचा एक दिवस कमी केला.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. तो दिवस आषाढी अमावास्येचा. जे वाचले त्यांत पोहून किनारा गाठणारे होते, आणि रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतून उचललेले होते. त्यानंतर आपल्या आज्या-पणज्यांना कोणी सांगितलं का, की आता मुंबईला जायचं नाही? लाँच आजही रेवसला जाते. पोटासाठी पाण्यावर जाणाऱ्याला आपण जपून जा म्हणतो. आनंदासाठी जाणाऱ्या मुलीला जाऊच नको म्हणतो. आपला आक्षेप पाण्यावर आहे की आनंदावर, हे एकदा ठरवून टाका.

आता चंद्राबद्दल, कारण याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

भरती-ओहोटी चंद्राने होते हे शाळकरी पोराला माहीत असतं. कोळ्यांचा हिशोब त्याहून सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास पाणी मंद. आपली जमात चांद बघून महिना मोजते. कोणत्याही घरातल्या म्हातारीला विचारा, आज चांदची कितवी. तारखेत साधारण एक मिळवला की तिथी आली (पंधरा झाले की पुन्हा एकपासून). म्हणजे भरतीचं वेळापत्रक आपल्या भिंतीवर टांगलेलं असतं, आणि आपण त्यावर फक्त रोजे आणि उरुस बघतो.

हे केलं असतं तर एक गोष्ट लगेच दिसली असती. रमजान ईद चांदच्या पहिल्या तारखेला येते, म्हणजे अमावास्येच्या लगेच पुढे. म्हणजे ती दरवर्षी उधाणातच येते. आणि आपली पोरं समुद्रावर कधी जातात? बासी ईदला. त्या दिवशी भरती दुपारी एक-दोनच्या सुमारास भरते आणि मग पाणी जोरात ओढायला लागतं. बिर्याणी खाऊन पाण्यात उतरायची वेळ नेमकी तीच. ईदच्या नमाजनंतर दोन मिनिटं हे सांगायला कोणत्या इमामाची हरकत असेल? मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.

आणि उधाण नसलं म्हणजे पाणी भलं असंही नाही. १ फेब्रुवारी २०१६ला चंद्र अर्धा होता, वद्य अष्टमीच्या आसपासचा. पाणी मंद असण्याचे दिवस. तरीही १४ जण गेले. म्हणून नुसतं गणित पुरत नाही, अंगाला पाणी माहीत असावं लागतं. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजत दम घालवायचा नाही, अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर पडायचं. हे वाचून येत नाही. मलाही येत नाही, मी फक्त लिहितेय.

बांगलादेशात गावोगावच्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून चार वर्षांपुढच्या मुलांना पोहायला शिकवलं गेलं. मुलगे आणि मुली, दोघांनाही. शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तो देश मुसलमानांचा, गावं गरीब, तळी आपल्या तळ्यांसारखीच. तिथे बांबू पुरला. आपल्याकडे संगमरवर लागतो बहुतेक.

"पण कपडे?" हा प्रश्न येणार, तर तोही घेऊन टाकते. ओल्या सलवारीत पाय गुंततात, ओढणी गळ्याभोवती येते; असल्या कपड्यांत पाण्यात जाणं धोक्याचंच आहे. पण अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख आता ऑनलाइन मिळतो. ज्या बुर्किनीवरून २०१६ साली फ्रान्समध्ये एवढं रण माजलं, ती सिडनीच्या आहेदा झानेटी यांनी शिवली. तिथल्या क्रोनुला किनाऱ्यावर २००५ साली दंगल झाली, त्यानंतर जीवरक्षक संस्थेने मुस्लिम मुलामुलींना भरती करायचं ठरवलं आणि मक्का लाला ही तरुणी तो पोशाख घालून जीवरक्षक झाली. म्हणजे लोकांना बुडताना वाचवायला. आपण अजून 'मुलीने पाण्यात पाय घालावा का' इथे आहोत.

सरकारला मी सोडत नाहीये. गोव्यात २००८पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत. आपल्याकडे ७२० किलोमीटरचा किनारा. त्या दोन दिवसांत आम्ही वाटेत ज्या आणखी एका किनाऱ्यावर थांबलो (नाव सांगत नाही), तिथे गाडी लावायचे पैसे घ्यायला दोन माणसं होती, पावतीपुस्तकासकट. पाण्याकडे बघायला एकही नव्हता. उंटवाला होता, घोडागाडी होती. 'येथे पोहणे धोकादायक आहे' असा एक गंजलेला फलक होता, पण तो झावळ्यांच्या टपरीमागे गेला होता. यावर मोर्चा काढायला हवा, आणि त्यात मौलानांपासून महिला मंडळापर्यंत सगळे हवेत. पण सरकार जागं होईपर्यंत पोरं कोरडीच राहतील असा भ्रम नको. ती जातात. तुम्हाला सांगून जातात किंवा न सांगता.

माझ्या मुलीने परवा विचारलं. तिच्या पाच मैत्रिणी, पुढची ईद, दिवेआगर. घरात तिचे मामू, चाचा सगळे नाही म्हणाले. मी हो म्हणाले आणि अट घातली, की तोवर पोहायला शीक. ती म्हणाली, "अम्मी, आणि तू?"

नवीन पनवेलला एका तलावावर सकाळी बायकांची वेगळी वेळ आहे, शिकवणारीही बाईच. मी आमच्या सहाजणींच्या ग्रुपवर टाकलं. दोघींचं अजून उत्तर नाही. एकीने गुडघ्याचं कारण दिलं. आपा एकसष्ट वर्षांची, सर्वांत आधी तिचाच निरोप आला: माझं नाव लिही, भावाला कळवू नकोस. सोमवारी सहा वाजता जायचं आहे. माझ्या पोशाखाचं पार्सल अजून आलेलं नाही.