समान पाळीचा अन्याय

बदलापूरहून अंबरनाथमार्गे उल्हासनगरकडे दोन सायकलस्वार निघाले आणि त्यांतला एक दुसऱ्याहून बळकट असला, तर वाऱ्याला तोंड कोणी आणि किती वेळ द्यावे? ‘दोघांनी सारखेच’ हे उत्तर वरकरणी न्याय्य वाटते. वस्तुतः ते दुबळ्याचा घात करणारे आणि बळकटालाही तोट्यात टाकणारे आहे.

सपाट रस्त्यावर वेग वाढला की बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. वारा पडलेला असताना वेग ताशी 24 किलोमीटरांवरून 30 वर, म्हणजे सव्वापट नेला, तर हवेशी झुंजण्यास लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. अशा वेगात पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहणाऱ्याचे श्रम सुमारे एकचतुर्थांशाने, कधी त्याहून अधिक वाचतात. हा आडोसा हेच जोडीचे सामायिक भांडवल होय.

त्याची वाटणी ताकदीच्या प्रमाणात व्हावी. वेग दोघांचा एकच. पाळी मात्र लहानमोठी. बळकटाने तीन मिनिटे पुढे राहावे, दुबळ्याने अर्धे मिनिट. आपल्या पाळीत बळकटाने वेग वाढवला, तर मागच्याचा आडोसा सुटतो आणि तो एकटा वाऱ्यात सापडतो. दुबळ्याची छोटी पाळीही केवळ दयेपोटी रद्द करू नये. तेवढ्या विसाव्यावरच बळकटाला पुढचा पल्ला रेटता येतो. इटलीतील बाराक्की करंडकाच्या दुकली शर्यतीत 1962 साली रुडी आल्टिगने थकलेल्या जाक आंकतीलला हाताने ढकलत नेले आणि जोडी जिंकली. दुकलीची वेळ दुसऱ्याच्या पोहोचण्यावर ठरते, हे आल्टिगने ओळखले होते.

चढावर वेग मंदावतो, आडोसा फारसा उरत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा मान एकट्याचा असतो. जोडीने मात्र चढ दुबळ्याच्याच गतीने चढावा.

पावसाळ्यात आणखी एक पेच उभा राहतो. नैर्ऋत्येचा वारा उल्हासनगरकडे जाणाऱ्याच्या डाव्या अंगाला लागतो. आडोसा मिळतो तो पुढच्याच्या मागे उजवीकडे, म्हणजे नेमका मालमोटारींच्या वाटेत. तेथे आडोशाचा लोभ सोडून सरळ मागेच राहणे शहाणपणाचे. मागच्याला खड्डा दिसत नाही. म्हणून तो हाक मारून सांगणे, हे पुढे असणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते. ज्याच्या अंगी बळ अधिक, त्याच्याकडे पुढे राहण्याचा वेळ अधिक येतो आणि ही जबाबदारीही त्याच्याकडेच अधिक येते.