जुनी वायर: काढायची की राहू द्यायची?

ज्या घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असतो, तिथे डबीची चौकशी सगळे करतात. बॅटरी किती वर्षे चालेल? मोबाईल छातीजवळ ठेवला तर चालतो का? वायरीबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते. डबी कातडीखालीच असते, ती बदलणे त्या मानाने सोपे. 1958 साली स्टॉकहोमच्या ज्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला, त्यांना आयुष्यभरात 26 पेसमेकर लागले आणि ते 2001 साली, 86 वर्षांचे होऊन वारले.

वायरीचे तसे नाही. ती खांद्याजवळच्या शिरेतून थेट हृदयात जाते. जिथे जिथे ती भिंतीला टेकते तिथे शरीर तिच्याभोवती तंतू विणते, आणि बऱ्याच वर्षांनी त्या तंतूंत चुनाही धरतो. पहिल्या वर्षात ती बहुधा नुसती ओढली तरी सुटते. दहा-पंधरा वर्षांनी तशी ओढली तर शिरेची किंवा हृदयाची भिंत फाटू शकते.

मग हात लावायचाच कशाला? वायर नुसती तुटली किंवा निकामी झाली असेल, तर पुष्कळदा तिला तशीच ठेवून शेजारी नवी घालतात. त्यात गैर काही नाही. पण डबीच्या जागी पू झाला, कातडी पातळ होऊन डबी दिसू लागली, किंवा ताप जातो-येतो आणि रक्तात जंतू सापडले, तर गोष्ट वेगळी. आमच्या ओळखीच्या एका घरात अब्बांच्या छातीवरची जखम चार महिने ड्रेसिंग आणि गोळ्यांवर चालली होती. गोळ्या चालू असल्या की सुकायची, थांबल्या की पुन्हा वाहायची. जंतू डबीवर आणि वायरीवर थर करून बसतात. तिथे औषध नीट पोचत नाही. म्हणून जगभरचे हृदयतज्ज्ञ एकच सांगतात: जंतुसंसर्ग नक्की झाला असेल तर डबी आणि सगळ्या वायरी, दोन्ही काढा. अमेरिकेत अशा रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पाचांत एकाचीही वायर महिनाभरात काढली गेली नव्हती, आणि ज्यांची पहिल्या आठवड्यातच काढली त्यांच्यात मृत्यू कमी होते. चार महिने ड्रेसिंग करण्याचा दोष फक्त आपल्या गावाकडचा आहे, असे समजू नये.

काढण्याच्या पद्धती ऐकायला भीतीदायक वाटतात. पूर्वी वायरीला दोरी बांधून पलंगाच्या टोकाशी पुलीवर वजन टांगत आणि तासन् तास, कधी दिवसन् दिवस वाट पाहत. आता वायरीच्या पोकळीत बारीक सळई घालून ती आतल्या टोकाशी अडकवतात, म्हणजे ताण थेट टोकावर येतो आणि वायर मधेच तुटत नाही. मग वायरीवरून एक नळी सरकवत नेतात. कुठे ही नळी साधी प्लास्टिकची असते, कुठे टोकाला धातूचे फिरते दाते असतात, कुठे लेझर असतो. वरून जमले नाही तर मांडीच्या शिरेतून फास टाकतात.

लेझर म्हटले की आपल्याकडे लगेच ‘सर्वात भारी’ असे वाटते. 1999 साली अमेरिकेत 301 रुग्णांवर झालेली तुलना छापून आली. लेझरने शंभरात 94 वायरी पूर्ण निघाल्या, जुन्या नळ्यांनी 64. पण जिवावर बेतणारे तीन प्रसंग लेझरच्याच गटात घडले आणि त्यात एक रुग्ण दगावला. पुढे हात बसले, साधने सुधारली. युरोपातल्या 19 देशांच्या नोंदीत, साडेतीन हजारांवर रुग्णांत, शंभरात 96-97 जणांचे काम यशस्वी झाले. गंभीर इजा हजारात 17 जणांना झाली, त्या इजेने हजारात 5 जण गेले. वायर दहा वर्षांहून जुनी असेल तर धोका वाढतो, बायकांनाही तो जास्त असतो. आणि जिथे हे काम कधीमधीच होते, तिथे निकाल वाईट.

आमच्या मते या सगळ्यात हे शेवटचे वाक्य सर्वात कामाचे. यंत्र कोणते, यापेक्षा हात कोणाचा ते विचारा. वर्षाला किती वायरी काढता? शीर फाटली तर छाती उघडणारा सर्जन त्याच वेळी हजर असतो का? वायर निघाल्यावर नवी बसेपर्यंत हृदय कशावर चालेल? जंतुसंसर्ग असेल तर नवा पेसमेकर शक्यतो दुसऱ्या बाजूला, रक्त स्वच्छ झाल्यावर बसवतात. तेवढे दिवस राहायची तयारी करून जा. गोंदियाहून नागपूर रेल्वेने 130 किलोमीटरच्या आसपास आहे, आधी तिथे चौकशी करा. नसेल जमत, तर विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत सोडते. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधी विचारा. पेसमेकरचे कार्ड आणि बसवल्याची तारीख सोबत हवीच, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न वायरीच्या वयाचाच असतो.

एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो: इंतकाल झाल्यावर हे काढावे लागते का? दहनात बॅटरी फुटते, म्हणून तिथे डबी आधी काढतात. दफनात तसा धोका नाही. कुणाला ती दुसऱ्याच्या कामी यावी असे वाटत असेल, तर शरई बाजू आपल्या आलिमांना विचारावी. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात अमेरिकेत काढलेली 106 यंत्रे, हृदयाला झटका देणारी, निर्जंतुक करून 81 गरजू रुग्णांना बसवली गेली. 2012 साली त्याचा अहवाल आला, तेव्हा त्यांपैकी एकालाही त्यामुळे जंतुसंसर्ग झालेला नव्हता.